लाल बिल्ल्याचा मान

दवाखान्यात नोकरी केलेल्या माणसाकडे किस्से कसे साठतात? कपाटाखाली रिकाम्या बाटल्या साठतात तसे! टाकवत नाहीत, आणि एक काढायला गेलं की चार गडगडत बाहेर येतात. मी नर्स. आमच्या भागात सगळे मला शिष्टरबाई म्हणायचे. आयुष्य दवाखान्यात गेलं, त्यामुळे माझ्याकडे बाटल्याही भरपूर आणि किस्सेही भरपूर. आज एकाच कप्प्यातले काढते, बिल्ल्यांचे.

स्वातंत्र्याला तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती. चिंचवड आणि पिंपरीच्या मधे, हमरस्त्याला लागून डॉक्टर खांबेट्यांचा दवाखाना होता. समोर ज्वारीचं शेत आणि मागे कारखान्याची नवी भिंत. सकाळी कोंबडा आधी ओरडतो की भोंगा, यावर लोक पैजा लावायचे. डॉक्टर पुण्याचे, उंच, किडकिडीत आणि घड्याळाचे पक्के गुलाम. घड्याळ मागे पडलं तर ते स्वतःवर चिडायचे.

दवाखान्यात आत जायचा क्रम मात्र घड्याळाचा नव्हता. तो देवळातला होता! आधी पाटील, मग पंच, मग वयानं मोठे पुरुष, मग बाकीचे पुरुष आणि सगळ्यांत शेवटी पोरं कडेवर घेतलेल्या बायका. हा क्रम कुणी ठरवला नव्हता, आणि कुणी मोडतही नव्हतं.

एके दिवशी चिखलीची एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली आणि पदर पुढे ओढून शेवटी बसली. बोलली काही नाही. तिची पाळी आली तेव्हा मुलगी निळी पडायला लागली होती. घटसर्प! डॉक्टर स्वतः पोरीला छातीशी धरून रस्त्यावर धावले, जाणारा ट्रक अडवला आणि तिला पुण्याच्या मोठ्या इस्पितळात पोचवलं. पोरगी वाचली. ती आता आजी झाली आहे, रस्त्यात भेटली की हात हलवते. पण तो दिवस आठवला की माझ्या अंगावर अजून काटा येतो. डॉक्टर त्या संध्याकाळी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते आले ते रंगाचे डबे घेऊनच.

त्यांनी पत्र्याचे बिल्ले कापून रंगवले. दारावर मोठा बोर्ड लावला. सकाळचा पहिला वेळ पिवळ्या बिल्ल्याचा, म्हणजे तान्ही मुलं, गरोदर बायका आणि तापाची माणसं. अकरानंतर पांढरा, म्हणजे जुनं खोकणं, सांधे, पट्ट्या. या दोन्हींच्या मधे अर्धा तास मोकळा, फक्त लाल बिल्ल्यासाठी. शिवाय लाल बिल्लेवाला कधीही आला तरी थेट आत. माणूस बघून बिल्ला द्यायचं काम माझं.

"कोण आधी ते आजार ठरवेल," डॉक्टर म्हणाले, "माणूस नाही."

पंच बिथरले. दवाखान्याची जागा गावाची होती. शेवटी रावबा पाटलांनी निकाल दिला. "दिवाळीपत्तुर चालू द्या डाक्टरचं. दिवाळीला पंच बसतील. न्हाई पटलं, तर बोर्ड मी माझ्या हातानं काढनार."

आणि न पटणाऱ्यांत पहिले होते रावबा पाटील! डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे ती निळी पोरगी होती, आणि दिवाळी काही फार लांब नव्हती.

*

रावबा म्हणजे मनाने मोकळा माणूस. दारात आलेला उपाशी जायचा नाही. पण मानाला भारी जपणारा! होळीला पहिला नारळ त्यांचा, पोळ्याला पहिला बैल त्यांचा. एका लग्नात पानाचं तबक आधी दुसऱ्यापुढे गेलं, तर हे भरल्या पंगतीतून उठून गेले होते.

पहिल्याच दिवशी ते गुडघा दाखवायला आले. मी पांढरा बिल्ला हातावर ठेवला.

"ह्यो कंचा?"

"पांढरा. अकरानंतर या."

"शिष्टरबाई, ह्या गावात पयलं काय बी आसंल ते माझं आसतंय. ठावं हाय ना?"

आतून डॉक्टर म्हणाले, "पाटील, इथे ज्याला जास्त ताप तो पहिला!"

पाटील बिल्ला बाकावर ठेवून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी घोंगडी पांघरून, कण्हत, दोन गड्यांच्या खांद्यांवर हात टाकून हजर! मी थर्मामीटर तोंडात घातला. काढून बघते तर पारा पार टोकाला चिकटलेला. रस्त्यापलीकडच्या हॉटेलातून ते तोंडात गरम चहा धरून आले होते, हे मला मागून कळलं.

डॉक्टरांनी थर्मामीटर उजेडात धरला, पाटलांकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "पाटील, एवढ्या तापात माणूस जिवंत राहत नाही."

"मंग तर पयला लंबर माझाच की!"

*

मधला मोकळा अर्धा तास कुणाच्याच पचनी पडत नव्हता. दाराबाहेर माणसं ताटकळताहेत आणि आत डॉक्टर रिकाम्या खुर्चीसमोर बसलेत! शेतकरी माणसाला हे बघवतच नाही.

"यवढी भारी जमीन आन् पडीक ठिवलीया!" वाकडचे एक आजोबा रोज हळहळायचे.

खरं सांगायचं तर डॉक्टरांनाही ते जमत नव्हतं. पेपर दोनदा वाचून व्हायचा. मग ते खिडकीशी उभे राहून मला विचारायचे, "सिस्टर, कुणी येतंय का हो?" एवढ्या आशेनं, की मलाच त्यांची दया यायची.

एके दिवशी त्याच वेळात वाकडच्या आजोबांनी दारात डोकं घातलं. "डाक्टर, रिकामेच हायसा तर माज्या म्हशीला बगा की वाईच. दोन दिस झालं, वैरणीला तोंड लावंना."

डॉक्टरांनी डोळे वटारले. मग घड्याळ बघितलं. मग स्टेथोस्कोप उचलला आणि गेले की बाहेर! म्हशीच्या तोंडात बाभळीचा काटा रुतला होता. तो काढला आणि म्हैस खायला लागली. डॉक्टर इतके खूश झाले की दिवसभर शीळ घालत होते.

दुसऱ्या दिवशी त्याच अर्ध्या तासात बाहेर दोन बैल, एक गाय आणि एक शेळी!

डॉक्टरांनी खडू घेतला आणि बोर्डाखाली लिहिलं, 'जनावरांना कोणताही बिल्ला मिळणार नाही.'

वाकडच्या आजोबांनी ते कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि बैलाचा कासरा सोडत मला म्हणाले, "बरं झालं बाई. बिल्ला नगं, तर मंग सरळच आत घालतो!"

*

पिंपरीच्या कॅम्पात सिंधहून आलेली कुटुंबं राहायची. त्यांतली एक आजी आमच्याकडे यायची. सगळे तिला अम्मा म्हणत. सगळं घरदार मागे टाकून आलेली बाई, पण हसणं असं खणखणीत की बाहेर बांधलेली जनावरं कान टवकारायची. मराठी ती बाजारात शिकलेली.

एका सकाळी अम्मा तापलेल्या नातवाला घेऊन आली. मी पिवळा बिल्ला दिला. आत गेली तर तिच्यामागून मुलगा गेला, सून गेली, दुसरी सून गेली, आणि मागून पोरांची रांग!

डॉक्टर उभेच राहिले. "अम्मा, एक बिल्ला, एक पेशंट!"

"हां डॉक्टरसाब, बिल्ला एक है, तर खोकला पण एकच आहे ना!" अम्मा म्हणाली. "पहिले मुन्नाला झाला, मग सबने बाटून घेतला."

खोकला खरोखरच एक होता. डॉक्टरांनी हात टेकले आणि सगळ्यांच्या छात्या ओळीनं तपासल्या. त्या काळी पातळ औषधासाठी बाटली घरून आणावी लागे. बाटलीवर आम्ही खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायचो, म्हणजे एक खाच एक डोस. मी अम्माला विचारलं, "बाटली आणलीय का?"

अम्मानं पिशवीतून हे एवढं पितळेचं पातेलं काढलं.

मी पट्टी चिकटवली. पातेल्याला!

*

बिल्ल्यांची कीर्ती मग कुठच्या कुठे पोचली. कारखान्यात सदा नावाचा एक फिटर होता. शेतकऱ्याचा मुलगा, अंगापिंडानं चांगला, नवीनच कामाला लागलेला. त्याला बघायला चाकणची मंडळी आली. शेती विचारली, शिफ्ट विचारली, ओव्हरटाइम विचारला. मग मुलीच्या मामानं आवाज खाली आणला.

"दवाखान्यात कंचा बिल्ला मिळतो पोराला?"

सदाची आई ताठ बसली. "पांढरा! आजपत्तुर पिवळ्याला हात लावलेला न्हाई माज्या लेकानं!"

मामा उठला आणि मंडळींना घेऊन तडक दवाखान्यात आला. मी सांगितलं, "खरं आहे. एकदा बोटाला पट्टी बांधायला आला होता, पांढऱ्यावर." मामानं डोक्यावरची टोपी नीट केली आणि सुपारी तिथेच, आमच्या बाकावर फुटली. डॉक्टरांना वाटलं, बाहेर कुणाचं हाड मोडलं. ते धावत बाहेर आले आणि त्यांच्या तोंडात पेढा गेला.

संध्याकाळी सदाची आई परत आली. पदराआड हात, चेहरा लाजरा.

"शिष्टरबाई, एक पांढरा बिल्ला हळदीपत्तुर घरी नेऊ का? देवापुढं ठिवते."

*

आता डॉक्टरांच्या घरचं. आमच्या वहिनी म्हणजे डॉक्टरांची बायको, मोठ्या गोड, पण जिभेला धार! दवाखान्याच्या मागेच दोन खोल्यांत राहायच्या. दुपारचं जेवण रोज वाढून ठेवायच्या आणि ते रोज गार व्हायचं. निरोप पाठवला की डॉक्टरांचं उत्तर ठरलेलं, "पांढऱ्याच्या शेवटी येतो म्हणावं."

एक दिवस वहिनी डबा घेऊन समोरच्या दारानं आल्या आणि माझ्यापुढे हात पसरला. "सिस्टर, बिल्ला द्या."

मी हसू दाबत पांढरा दिला. वहिनी रांगेत बसल्या. गुडघेवाले, दमेवाले, सगळे श्वास रोखून बघताहेत, पण कुणी चुगली केली नाही. वहिनींची पाळी आली. त्या आत जाऊन खुर्चीवर बसल्या. डॉक्टर मान खाली घालून आधीच्या माणसाचं औषध लिहीत होते. वर न बघताच त्यांनी विचारलं, "काय त्रास आहे?"

"घरातलं माणूस वेळेवर जेवत नाही."

"कधीपासून?"

"लग्न झाल्यापासून!"

बाहेर असा हशा उठला की एका दमेकऱ्याला खरंच पिवळा बिल्ला द्यावा लागला. डॉक्टर मात्र त्या दिवसापासून वेळेवर जेवायला लागले.

*

असं हसतखेळत चाललं होतं, पण दिवाळी जवळ येत होती आणि डॉक्टरांचं हसू कमी होत होतं. पाटील येता-जाता बोर्डाकडे बघायचे. कोणता खिळा आधी उपटायचा याचा अंदाज घेतल्यासारखे! एकदा डॉक्टर मला म्हणाले, "सिस्टर, बोर्ड गेला तर पुन्हा ती चिखलीची बाई शेवटी बसणार." मलाही तीच भीती होती.

पंच बसायचा दिवस उजाडला. बैठक दवाखान्याच्या ओट्यावरच. पंच आले, फेटे सावरून बसले. पाटलांचा पत्ता नाही. थोड्या वेळानं बैलगाडी आली. गाडीत रावबा पाटील, पालथे!

झालं होतं असं की पाटलांना करट आलं होतं. आणि कुठे यावं? जिथे माणूस बसतो तिथे! चार दिवस ते घरात उभे होते. आता ताप होता, थंडी होती, चेहरा उतरला होता. या वेळी चहा नव्हता. डॉक्टरांनी गाडीतच तपासलं आणि मला म्हणाले, "आत पू भरलाय, विष अंगात भिनेल. आत्ताच्या आत्ता कापावं लागेल. लाल द्या."

मी लाल बिल्ला पाटलांच्या हातात ठेवला.

काय सांगू तुम्हाला! ठणक्यानं त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं, तरी मिशा फुलल्या. त्यांनी बिल्ला वर धरून सगळ्या पंचांना दाखवला. "बगा! लाल! माजा हाय! खरा!"

पंच म्हणाले, "मंग पाटील, बोर्डाचं काय करायचं?"

"आधी माजं कापून हू द्या. मंग बोर्ड काढू," पाटील म्हणाले. डॉक्टर हात धुवायला गेले.

पाटलांना आतल्या टेबलावर पालथं घातलं. टेबल एकच. डॉक्टर उकळलेल्या पाण्यातून चाकू काढत होते, तेवढ्यात बाहेर आरडाओरड झाली. कारखान्याची भिंत बांधणारी मजूर माणसं एका बाईला झोळीत घालून आणत होती. लातूरकडून पोटासाठी आलेली, पोटुशी. कळा सुरू होऊन रात्र उलटली होती, मूल अडलं होतं आणि बाईचं भान हरपत चाललं होतं. तिची सासू दाराशीच थबकली. आत पाटील आहेत म्हटल्यावर ती उंबऱ्याबाहेर झोळीशेजारी बसून राहिली. बोलली काही नाही.

मी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी पाटलांकडे पाहिलं. त्यांचं तोंड उघडलं, पण त्याआधी पाटील हाताच्या कोपरांवर उठले होते.

"शिष्टरबाई, मला खाली उतरवा."

ओठ चावत ते उतरले. धोतर सावरलं आणि भिंतीला धरत दारापर्यंत गेले. तिथे थांबून ओट्यावरचे सगळे पंच बघताहेत याची नीट खात्री केली. मग लाल बिल्ला त्या म्हातारीच्या हातात दिला.

"घे, म्हातारे. पाटलानं दिला. ने तुज्या सुनंला आत."

बाईला टेबलावर घेतलं. दार लावता लावता मला ओट्यावरचं बोलणं ऐकू आलं. एक पंच विचारत होता, "पाटील, मंग बोर्ड काढायचा ना आता?"

"याड लागलं का तुला?" पाटील कण्हत कण्हत गरजले. "बोर्डच काढला तर त्या लाल बिल्ल्याला काय किंमत ऱ्हायली? मंग मी दिलं काय? पत्रा? बोर्डाला हात लावशीला तर बगा!"

पुढचा सगळा वेळ आम्ही दोघं घामानं निथळत होतो. शेवटी मूल आलं. आधी गप्प, मग मी पाठीवर दोन थापट्या दिल्या आणि ते असं रडलं की बाहेर पंचांनी टाळ्या वाजवल्या! मुलगी होती. आई शुद्धीवर आली, तिनं पाणी मागितलं, आणि मला इतका आनंद झाला की मी डॉक्टरांसमोरच रडून घेतलं. डॉक्टरांनी चष्मा पुसला. पुष्कळ वेळ पुसला.

आई आणि बाळाला मागे वहिनींच्या खोलीत हलवलं, टेबल धुतलं आणि डॉक्टर नवा चाकू घेऊन दारात आले. "चला पाटील, आता तुम्ही!"

पाटील भिंतीला टेकून उभे होते, ठणक्यानं घामाघूम. पण पंच, एव्हाना जमलेले पेशंट, त्यांतली अम्मा, आख्खा ओटा त्यांच्याकडे बघत होता, आणि असं बघणं त्यांनी कुठल्याच होळीला अनुभवलं नव्हतं. त्यांनी शेजारच्या थरथरणाऱ्या दुसऱ्या एका म्हातारीकडे बोट केलं.

"आधी हिला घ्या, डाक्टर. तापलीया."

म्हातारी झटक्यात सरळ बसली. "मी न्हाई जा! आधी त्या बाळंतिणीच्या सासूला बगा, उपाशी हाय ती."

सासू म्हणाली, "आवो, मला काय धाड भरली? त्या पोराचा हात सुजलाय, त्याला न्या."

पोराच्या बापानं छाती पुढे काढली. "आमचं थांबंल! अम्मांना जाऊ द्या."

"मैं? वाह!" अम्मा म्हणाली. "पहिले पाटीलसाब!"

"ते न्हाई व्हायचं!" पाटील ओरडले.

डॉक्टर दारात चाकू धरून उभे. कारखान्याचा भोंगा झाला, शिफ्टची माणसंही ओट्यावर जमली आणि तीही एकमेकांना पुढे ढकलू लागली. आत टेबल रिकामं. शेवटी डॉक्टरांचा आवाज चढला, "अहो, मग आज आजारी आहे तरी कोण?"

पाटलांनी भिंतीवरचा हात काढला, फेटा सारखा केला आणि म्हणाले, "आजारी समदेच हायेत, डाक्टर. पन आज पयला कुनीबी न्हाई!"